डाव्या वळणाचे लाटणे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि ज्यांच्या छपराखाली आपण बसलो आहोत त्या फेराइनच्या, म्हणजे इथल्या गावसंस्थेच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर, सत्कारमूर्ती राजानंदजी, तितक्याच सत्कारमूर्ती असूनही निमंत्रणात ‘सपत्नीक’ या एका शब्दात ज्यांची बोळवण झाली त्या प्रभावतीताई, मंडळाचे उत्साही कार्यवाह कुमार, न्युरेम्बर्गहून, एर्लांगेनहून, आणि रेल्वेने आज कृपा केली म्हणून थेट बॉनहून वेळेत पोचलेले सर्व स्नेही, आणि आमच्या भाषणांची सवय नसतानाही मागच्या बाकांवर शांतपणे बसलेले फेराइनचे जर्मन सभासद. आपणा सर्वांना जयभीम, नमस्कार आणि गुटेन टाग.

फ्राऊ लिंडनर यांच्या शेजारी माझी मुलगी मैत्री बसली आहे. मी बोलेन ते ती त्यांच्या कानात जर्मनमध्ये सांगणार आहे. तेव्हा त्या आपल्यापेक्षा एक वाक्य उशिरा हसतील. त्याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये. माझ्या नातीने निघताना ‘ओपा, बिटं कुर्त्स’ असे बजावले आहे. आजोबा, थोडक्यात आटपा, असा त्याचा अर्थ. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही अट जाचक आहे, पण मी प्रयत्न करीन.

राजानंदजी आणि प्रभावतीताई येत्या गुरुवारी नागपूरला परत जात आहेत, कायमचे. निरोपाच्या भाषणात अशा वेळी माणसाचे गुण सांगण्याची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही, कारण गुण सांगण्यासाठी माझ्यानंतर चार वक्ते आहेत. माझ्याकडे दुसरे काम दिलेले आहे. कार्यक्रमाच्या शेवटी ‘जुने लाटणे काढून नवे बसवणे’ असा एक विषय आहे आणि तो माझ्या हस्ते व्हायचा आहे. हा लाकडी हातोडा त्यासाठीच माझ्यापुढे ठेवला आहे. हे काम करावे की करू नये, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

जे आज पहिल्यांदा आले आहेत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. भिंतीलगत हा जो लांबलचक ओकचा बाक दिसतो, त्यावर कोणी टेकू नये. तो बसण्याचा नाही. जुन्या काळी बंदुकीच्या नळीत आतून वळणदार चर पाडण्यासाठी असे बाक असत. चर असले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. आता सरळ लाकडी बाकावर वळण कुठून आणायचे? त्यासाठी या टोकाला हा नासपतीच्या लाकडाचा, वीतभर जाड, पुरुषभर उंचीचा गोल दांडा आहे. त्याच्या अंगावर सात खाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळत गेल्या आहेत. दांडा ओढला की समोरच्या चौकटीतले दात त्या खाचांत धावतात आणि दांडा ओढता ओढता फिरतो. त्याला जोडलेला लोखंडी गज नळीत शिरतो, गजावरचे नखाएवढे पाते नळीतून केसासारखा कीस काढते. सातही चर एकेकदा ओढून झाले की पात्याखाली कागदाची एक चिटोरी सरकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दांड्याला जे वळण, तेच नळीला. बाकाचे सगळे शहाणपण त्या दांड्यात असते.

या दांड्याला शास्त्रशुद्ध जर्मन नाव आहे. पण प्रभावतीताईंनी तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाल्या, “अगं बाई, केवढं हे लाटणं!” त्या दिवसापासून तो लाटणेच आहे. फ्राऊ लिंडनर यांचे वडील, आमचे हेर लिंडनर, तेसुद्धा ‘लाटने’ म्हणत.

इथे एक आक्षेप मला आधीच घ्यावा लागेल, कारण तो दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमानंतर कोणीतरी घेतोच. बुद्धाला मानणाऱ्या माणसाने बंदुकीच्या नळ्या का कराव्यात? प्रभावतीताईंनी हा आक्षेप सर्वांत आधी आणि सर्वांत कडक शब्दांत घेतला होता. “घरात बंदुकीचं नाव काढायचं नाही,” असे त्यांनी सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. त्यावर राजानंदजींचे उत्तर असे, की या बाकावर होतात ते वीतभर तुकडे. त्यांना मागची बाजू नाही, चाप नाही, त्यांतून वाटाणासुद्धा उडणार नाही. इथला कायदा तर त्याहून कडक. मी ते उत्तर तपासून पाहिले आणि मान्य केले. या बाकावर बंदूक होत नाही. इथे फक्त वळण होते.

मूळ बाक हेर लिंडनर यांच्या आजोबांचा. या स्शॉयनंचे, म्हणजे या कोठाराचे छप्पर गळत राहिले आणि बाक कुजला. लोखंडी गज आणि पाती तेवढी उरली, आणि उरली हेर लिंडनर यांची आठवण. नकाशा नाही, आराखडा नाही. त्यांना बाक पुन्हा उभा करायचा होता आणि सरळपणा मोजून देणारे कोणीतरी हवे होते. राजानंदजी तेव्हा न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात मोजमापाच्या प्रयोगशाळेत होते. केसाच्या शंभराव्या भागावरून ज्यांचे सहकाऱ्यांशी बोलणे बंद होई, असे ते गृहस्थ. दोघांची गाठ पडली आणि पुढची तीन वर्षे राजानंदजींचा प्रत्येक शनिवार या कोठाराने घेतला. शनिवार जातो म्हणून प्रभावतीताई भांडायला आल्या आणि त्याही इथेच राहिल्या. मी येऊ लागलो तो त्यांच्या डब्यासाठी. हे मी तत्त्व म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो.

ते दिवस कसे होते? हिवाळ्यात त्या कोपऱ्यातली शेगडी पेटवली की आधी ओल्या लाकडाचा धूर, मग प्रभावतीताईंच्या डब्यातल्या ठेच्याचा वास, आणि या सगळ्यावर डुकराच्या चरबीचा दर्प. पात्याला तीच लावायची, असा हेर लिंडनर यांचा नियम. आम्ही खोबरेल सुचवून पाहिले. ते म्हणाले, “बिटं, केसांना लावा.” दोन टोकांना दोन माणसे ओढायला. बोलायचे नाही, कारण कान पात्याकडे द्यायचा. पाते नीट चालले की रेशीम फाडल्यासारखा आवाज येतो. कुमार एकदा ऑफिसच्या प्रिंटरचा जाड कागद घेऊन आले. तो पात्याखाली सरकवला आणि पाते नळीत असे रुतले की ते काढण्यात दुपार गेली. हेर लिंडनर यांनी रागावण्याऐवजी खिशातून सिगारेट वळायचा पातळ कागद काढला आणि म्हणाले, “तुम्ही सॉफ्टवेअरवाले. तुमच्याकडे पातळ काही नसतंच.” आज त्या शनिवारांकडे पाहताना मला असे वाटते की परक्या देशात माणसाला घर मिळते ते आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, झाल्यावर नव्हे. ज्या दिवशी कोणी आपल्याला हक्काने टोमणा मारतो, त्या दिवशी मिळते.

आता मुद्द्याकडे येतो. लाटण्यावर खाचा कोरण्याआधी रेषा आखाव्या लागतात. त्यासाठी हा दांडा याच फरशीवर उभा केला. हेर लिंडनर यांनी खडू लावलेली सुती दोरी त्याच्या पायाशी खिळ्याने अडकवली आणि सांगितले, “एकदा फिरत वर जायचं. आइनमाल रुम.” बस्स, एवढेच. एकाने दोरी धरून दांड्याभोवती चालायचे आणि चालता चालता हात हळूहळू वर न्यायचा. दुसऱ्याने मागून पेन्सिलीने रेघ उमटवत जायचे. फेरी संपते तिथे हात माथ्याशी पोचला पाहिजे. असे सात वेळा, सात खाचांसाठी.

दोरी प्रभावतीताईंनी धरली. पेन्सिल राजानंदजींनी.

मी आणि कुमार त्या लाकडी ओंडक्यावर बसून पाहत होतो. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा कुमार म्हणाले, “भाऊ, तुमचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं ना? मग सात फेरे राहिले होते, ते इथं उरकून घेताय काय?”

प्रभावतीताई न थांबता म्हणाल्या, “चालू द्या हो. त्या वेळी यांनी नुसतं ‘साधु, साधु’ म्हणून भागवलं होतं.”

राजानंदजी म्हणाले, “बोलू नको, हात खाली येतोय.”

“हात बरोबर आहे. तुम्ही तुमची पेन्सिल बघा.”

हेर लिंडनर यांनी विचारले, हे सगळे का हसत आहेत? कुमारने जर्मनमध्ये समजावले. भारतात काही लोकांत नवरा-नवरी अग्नीभोवती सात फेरे घेतात, यांच्यात घेत नाहीत, वगैरे. हेर लिंडनर यांनी ऐकून घेतले, पाईप उचलला आणि ते बाहेर गेले. सातही फेऱ्या होईपर्यंत आत आले नाहीत. आम्हाला वाटले, तंबाखूची तल्लफ.

त्यानंतर त्याच रेषांवर हेर लिंडनर आणि हे दोघे, अशा तिघांनी मिळून सहा महिने खाचा कोरल्या. पहिला तुकडा तयार झाला त्या दिवशी शेजारच्या गावच्या फेराइनचे पाहुणे आले होते. त्यांतल्या एकाने तुकडा उजेडाकडे धरला, डोळा लावला आणि मोठ्याने म्हटले, “लिंक्सड्राल!” म्हणजे डावे वळण. या घराण्याच्या सगळ्या जुन्या नळ्या उजव्या वळणाच्या. आपली डावी.

झाले असे होते. दांडा उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरत हात वर नेला की वळण डावे पडते. दांडा डाव्या हाताला ठेवला की उजवे पडते. आपण घरी जाऊन दोरी घेऊन करून पाहा. लिंडनर घराण्यात दांडा डाव्या हाताला ठेवून फिरत असणार. हे त्यांनी सांगितले नाही, कारण कुठल्या बाजूने फिरायचे हे सांगावे लागते असे त्यांना वाटलेच नसेल. आणि प्रभावतीताई लहानपणापासून दीक्षाभूमीवर आईचा हात धरून बोधिवृक्षाभोवती फिरलेल्या. मध्ये काही उभे असले आणि त्याभोवती फिरायचे असले, तर ते उजव्या हाताला ठेवायचे, हे त्यांना विचार करून ठरवावे लागत नाही. पण त्या एकट्या नव्हत्या. कर्मकांड मानत नाही असे गेली चाळीस वर्षे प्रत्येक सभेत सांगणारे राजानंदजी पेन्सिल घेऊन त्यांच्या मागोमाग त्याच बाजूने फिरले. एकदाही थबकले नाहीत. ओंडक्यावर बसून पाहणारे आम्ही दोघे, एक हिंदू आणि एक तर्काचा प्राध्यापक, आम्हालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

पाहुणे गेल्यावर कुमारने सुचवले, “सोपं आहे, लाटणं उलटं लावू. हे टोक तिकडे.” आम्ही उलटे लावून पाहिले. वळण डावेच राहिले. असले वळण कुठल्याही टोकाकडून पाहिले तरी तेच असते, हे त्या दिवशी आम्ही पाच सुशिक्षित माणसे घाम गाळून शिकलो.

हेर लिंडनर त्या पाहुण्याला शांतपणे एवढेच म्हणाले होते, “या. गेनाऊ. लिंक्स.” हो, अगदी बरोबर, डावे. राजानंदजींनी त्याचा अर्थ असा लावला, की म्हातारा माणूस पाहुण्यांपुढे आपली लाज राखतो आहे. त्यांनी माफी मागितली. हेर लिंडनर म्हणाले, “हाउप्टजाखं ग्लाइशमेसिश.” सगळे चर सारखे आले, बाकी महत्त्वाचे नाही. चर सारखे होते, यात शंका नाही. पण राजानंदजींचे समाधान झाले नाही. त्यांनी मला एकदा या दाराशी सांगितलेले वाक्य मला आठवते. “सर, त्यांनी माझ्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यांच्या आजोबांचा बाक मी उलटा करून ठेवला.” हेर लिंडनर पुढे चार वर्षांनी गेले. माफीचा हिशेब राजानंदजींच्या मनात उघडाच राहिला.

म्हणून गेले वर्षभर त्यांनी एकट्याने हे दुसरे लाटणे कोरले आहे. भिंतीला टेकवलेले ते. उजव्या वळणाचे, संगणकावर आखलेले, निर्दोष. जाण्याआधी ते बाकाला बसवायचे आणि जुने त्या शेगडीत घालायचे, अशी त्यांची इच्छा आहे. आणि पाचर काढण्याचे काम मला दिले आहे. प्रभावतीताईंना मी विचारले, तुमचे काय मत? त्या म्हणाल्या, “मला कोण विचारतंय, सर? जाळायचं तर जाळा म्हणावं. चालले मी होते.”

नैयायिक अनुमानाचे पाच अवयव मागतात. बौद्ध तार्किक त्याहून कमीत भागवतात. नातीच्या सूचनेचा मान राखून मी दुसरी पद्धत स्वीकारतो.

माझे म्हणणे असे, की जुने लाटणे सदोष नाही. कारण ते आपले काम समान आणि खरे करते. डावा हात हा बिघडलेला उजवा हात नसतो, तसे. राजानंदजी यावर म्हणतील, आणि आत्ता मान हलवून ते म्हणतच आहेत, की प्रतिकृती मुळासारखी हवी. हा आक्षेप बळकट आहे. प्रतिकृती म्हणून हे लाटणे चुकलेले आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. परंतु हेर लिंडनर यांनी या बाकाला कधी प्रतिकृती म्हटल्याचे कोणाला आठवते का? ते ‘माझा बाक’ म्हणत. आपण प्रतिकृती उभी केली की बाक उभा केला? बाक असेल, तर त्याचे वळण त्याचे स्वतःचे आहे.

एवढ्यावर मी थांबलो असतो. युक्तिवाद पुरेसा आहे असे मला वाटत होते. पण पुराव्याशिवाय युक्तिवाद मांडू नये म्हणून गेल्या महिन्यात मी फ्राऊ लिंडनर यांच्याकडे कॉफीला गेलो आणि विचारले, तुमच्या वडिलांचे लाटणे जाळायचे ठरते आहे, तुमची हरकत आहे का? त्यांनी केक कापता कापता जे सांगितले ते इथे सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. राजानंदजी, हे तुम्ही आत्ता प्रथमच ऐकत आहात.

त्या म्हणाल्या, “पपांना पहिल्याच फेरीत दिसलं होतं.”

मी विचारले, मग ते बोलले का नाहीत?

“बोलणारच होते. तेवढ्यात त्या तरुण माणसानं त्यांना सांगितलं की हे लग्न चाललंय. पपा घरी येऊन मामाला म्हणाले, आल्झो, लग्नात मध्ये कसं बोलणार? म्हणून मी बाहेर जाऊन पाईप ओढला.”

मामा म्हणजे आई आणि आल्झो म्हणजे ‘तर मग’, हे आपल्या लोकांसाठी सांगतो.

राजानंदजी, तुमच्या मापावर त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, हे तुमचे गृहीतक होते. ते आता टिकत नाही. डोळे उघडे होते. आजोबांचे उजवे वळण आणि तुम्हा दोघांच्या सात फेऱ्या, यांपैकी काय ठेवायचे हे त्यांनी त्या दाराबाहेर पाईप ओढताना ठरवले आणि मग सहा महिने स्वतःच्या हाताने त्या रेषांवर पटाशी चालवली. ज्याची माफी तुम्ही इतकी वर्षे मागत आहात, तो त्यांनी तुम्हाला केलेला आहेर होता. आहेर शेगडीत घालत नाहीत.

हां, मैत्रीचे भाषांतर आता पोचले. फ्राऊ लिंडनर मान डोलावत आहेत. नोंद घ्यावी.

तेव्हा मला दिलेले काम मी नम्रपणे नाकारतो. पण कार्यक्रमात ठरलेली गोष्ट परस्पर रद्द करण्याचा अधिकारही मला नाही. अधिकार रेषा आखणाऱ्याचा. प्रभावतीताई, इकडे या. हा हातोडा घ्या. लाटण्याला धरून ठेवणारी पाचर ही इथे, बाकाच्या डाव्या अंगाला. खालून वर एक ठोका दिला की ती सुटते. आपल्याला योग्य वाटेल ते करावे. कोणी टाळ्या वाजवून दबाव आणू नये.

ताई, एक मिनिट. खालून, म्हणालो मी. तुम्ही वरून...

मागच्या रांगेला दिसले नसेल म्हणून सांगतो. ताईंनी पाचर काढलेली नाही. आत ठोकली आहे. आणि आता पुन्हा ठोकत आहेत. आता ती काढायला राजानंदजींच्या कारखान्यातले यंत्र आणावे लागेल.

राजानंदजी उभे राहिले आहेत. काय म्हणता? जरा मोठ्याने. “सर, मग नवीन मी नागपूरला नेतो.” ताई म्हणत आहेत, “न्या. वजनात तुमचे कपडे कमी करा.”

छान. या ठरावाला अनुमोदनाची गरज नाही. डावे लाटणे इथे राहील, उजवे नागपूरला जाईल. आणि शनिवारी कोणी हे लाटणे ओढील, तेव्हा तो कुठल्या टोकाला उभा आहे याने फरक पडणार नाही. या टोकाकडून पाहा की त्या, वळण तुम्हा दोघांचेच राहील.

फ्राऊ लिंडनर यांचे आणि फेराइनचे मी आभार मानतो. मंडळाचेही मानतो, ज्यांनी मला एक काम दिले आणि ते मी केले नाही. बोलण्याच्या ओघात कोणाच्या मानात काही उणे राहिले असेल, एखादा जर्मन शब्द माझ्या जिभेवर वाकडा वळला असेल, तर या बाकाला जशी माफी मिळाली तशी मलाही मिळावी. नातीला दिलेला शब्द मोडला आहे. त्याची क्षमा मी घरी जाऊन स्वतंत्रपणे मागेन.

जयभीम.